पळण्याआधी ताणायचं की पळून झाल्यावर?

प्रश्न: मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला रोज पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो. पलटणीत आम्हाला आधी पाय ताणून घ्यायला लावायचे, मग पळायला सोडायचे. आता पोरं मोबाईल दाखवतात, की आधी ताणलं तर पायातली ताकद जाते. कुणी म्हणतं, पळून झाल्यावर ताणा म्हणजे पाय दुखत नाहीत. आमचा जिल्हा ऑलिंपिकला पळलेल्या फडेप्पा चौगुल्यांचा, पळणं आम्हाला नवं नाही, पण हे ऐकून डोकं फिरायची वेळ आली. तिघा पोरांच्या नडग्या दुखतायत, त्यांना जास्त ताणायला लावू का? मी स्वतः त्रेपन्न वर्षांचा. रविवारी राजहंसगडापर्यंत जाऊन येतो. सकाळी उठल्यावर टाचेच्या वर आखडलेलं असतं. मला काही वेगळं करावं लागेल का?

उत्तर:

सुभेदारसाहेब, त्या तिघांना उद्या पळवू नका आणि ताणायलाही लावू नका. त्यांचं सविस्तर खाली लिहिते, पण तुम्ही तिथपर्यंत वाचेस्तोवर पोरं आणखी एक पहाट पळायला नकोत, म्हणून हे आधी.

आता मूळ प्रश्न. पळण्याआधी एका जागी उभं राहून स्नायू ओढून धरायची गरज नाही. पळण्याआधी अंग तापवायचं असतं, ते काम वेगळं. पळून झाल्यावर ताणलं तर बरं वाटतं, बिघडत काही नाही, पण दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याने फारसं टळत नाही. आणि दुखापत होऊ नये म्हणून ताणत असाल, तर ते आधी करा नाहीतर नंतर करा, हाती फार काही लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पळणाऱ्यांपैकी बहुतेकजण पहिल्या भेटीत हेच म्हणतात, "मॅडम, ताणायचं राहिलं, म्हणून झालं." तसं नसतं. मागच्या महिन्यात त्यांनी पळणं किती आणि किती घाईने वाढवलं, हे विचारलं की कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

तुम्ही फौजेतले, म्हणून दाखलाही फौजेचाच देते. ऑस्ट्रेलियाच्या लष्करात १५३८ रंगरुटांवर केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांचं प्रशिक्षण होतं. एका गटाला प्रत्येक सरावाआधी वॉर्मअपमध्ये पायाचे सहा मोठे स्नायू वीस-वीस सेकंद ताणायला लावले, तेही देखरेखीखाली. दुसऱ्या गटाने नुसता वॉर्मअप केला. पायाच्या दुखापती दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. भरती होताना वीस मीटरच्या शटल रनमध्ये, म्हणजे दोन खुणांमध्ये ये-जा पळायच्या चाचणीत, ज्यांचा दम कमी भरला, ते जास्त जायबंदी झाले. म्हणजे आधीची तयारी कामी आली, ताणणं नाही.

अमेरिकेतही २७२९ हौशी धावपटूंना दोन गटांत वाटून तीन महिने बघितलं गेलं. ताणणारे आणि न ताणणारे यांच्यात दुखापतीचा फरक नव्हता. त्यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी निघाली. ज्यांना वर्षानुवर्षं आधी ताणायची सवय होती आणि ज्यांना या अभ्यासासाठी ती एकदम सोडायला लावली, त्यांच्यात दुखापती जास्त झाल्या. हे तुमच्यासाठी सांगते. पलटणीपासूनची तुमची सवय असेल तर उद्या सकाळी एकदम टाकून देऊ नका. वेळ कमी करा, आधी थोडं चालून-पळून अंग तापवा आणि मग हलकं ताणा. पोरांना ती सवय नव्याने लावायची मात्र गरज नाही.

ताकद जाते ही पोरांची गोष्ट खोटी नाही, पण अर्धवट आहे. एकच स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ओढून धरला आणि लगेच जोर लावायला गेलात, तर त्या स्नायूचा जोर सरासरी चार-पाच टक्क्यांनी कमी भरतो. वीस-तीस सेकंदच धरला तर घट जेमतेम एक टक्क्याची, आणि त्यानंतर थोडं पळलं की तीही कुठं दिसत नाही. कुणी हुशार पोरगा भरतीच्या सोळाशे मीटरच्या साडेपाच मिनिटांचे पाच टक्के काढून सोळा सेकंद गेले म्हणून सांगेल, तर त्याला गप्प बसवा. स्नायूचा जोर आणि घड्याळातली वेळ यांचं गणित इतकं सरळ नसतं. तरीपण सोळाशे मीटरला उभं राहायच्या आधी कुणी पाय कठड्यावर टाकून दोन मिनिटं वाकून बसला असेल, तर त्याला उठवा. नुकसान थोडं असलं तरी फायदा काहीच नाही.

आता "नंतर ताणलं की दुखत नाही" याबद्दल. राजहंसगडावरून उतरताना तुम्ही वेगाने आलात तर सोमवारपेक्षा मंगळवारी मांड्या जास्त दुखतात की नाही? जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना मात्र तो लांब होत होत वजन अडवतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं त्या इजेचं असतं. एक ते तीन दिवसांत ते चढतं आणि मग ओसरतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साचल्यामुळे दुखतं, ते ताणून बाहेर काढायचं, असं जिममधून सर्रास सांगतात. ते अ‍ॅसिड तर पळणं थांबल्यावर तासाभरात रक्तातून साफ होतं. मंगळवारपर्यंत ते कशाला थांबेल? आणि इजा झालेला तंतू आणखी ओढून भरून यायचा नाही. या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा २०११ साली घेतला गेला. दुखणं शंभर गुणांच्या मापावर मोजलं, तर ताणल्याने ते साधारण एखाद्या गुणाने कमी झालं, आणि सगळ्यात मोठ्या प्रयोगात चार गुणांनी. माणसाला एवढा फरक जाणवतही नाही. मांड्या दुखू नयेत असं वाटत असेल तर उतार थोडा थोडा वाढवत न्या. एकदा त्या उताराची सवय झाली की पुढच्या वेळी तेवढं दुखत नाही.

मग नंतर ताणूच नये का? ताणा की. पळून आल्यावर पाच मिनिटं चाला, श्वास खाली येऊ द्या, पोटऱ्या, मांडीच्या मागचा भाग आणि खुब्याचा पुढचा भाग तीस-तीस सेकंद ताणा. अंग मोकळं वाटतं, पोरं चार शब्द बोलतात, कुणाचं काय दुखतंय ते तुमच्या कानावर येतं. एवढा फायदा मी मानते. ज्याचा सांधा खरोखरच आखडलेला आहे, त्याला तर नियमित ताणल्याने फरक पडतोच. पण ते पळण्यालाच चिकटून करायला हवं असं नाही. रात्री टीव्हीसमोर केलं तरी चालतं. एका स्नायूला आठवड्यात एकूण पाच मिनिटं मिळाली की पुष्कळ.

आणि पळताना पोटरीत गोळा आला, तर मात्र ताणणं हेच औषध. चवडा हाताने धरून नडगीकडे ओढा, गुडघा सरळ ठेवा, सुटेपर्यंत सोडू नका.

पलटणीतली अर्धी खरी गोष्ट कुठली, तर सगळ्यांना रांगेत उभं करून तयार करणं. तयारी हवीच, फक्त ती हलती हवी. तालमीत काय करतात बघा. पोरगा लंगोट लावून आला की भिंतीला पाय लावून ओढत बसत नाही. जोर मारतो, बैठका काढतो, अंगाला घाम सुटला की मगच आखाड्यात उतरतो. आपल्याकडे वॉर्मअप होताच, त्याला कुणी ते नाव दिलं नव्हतं इतकंच.

पोरांसाठी असं करा. आधी सात-आठ मिनिटं अगदी हळू पळवा, इतकं हळू की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा बारा मिनिटं करा आणि स्वेटर अंगावरच राहू द्या. पावसाळ्यात मैदानावरच्या तांबड्या मातीचा चिखल होतो आणि सगळेच डांबरी रस्त्याला येतात. तेव्हा एकाच कडेने पळवू नका. रस्ता कडेला उतरता असतो, तो रोज एकाच पायाखाली आला की त्या बाजूचा घोटा आणि गुडघा कुरकुरतो. हळू पळून झालं की कुंपणाला किंवा एकमेकांच्या खांद्याला धरून पाय पुढे-मागे झुलवायचे, दहा-दहा वेळा, मग आडवे. पाठ ताठ राहिली पाहिजे. पाय उंच नेण्याच्या नादात पोरं कंबरेतून वाकतात, त्याचा उपयोग नाही. पुढे चालत चालत लांब पाऊल टाकून गुडघा वाकवायचा, तसे वीस पावलं. मग गुडघे वर घेत, टाचा मागे आपटत थोडं अंतर. शेवटी साठ-सत्तर मीटरच्या तीन-चार धावा, प्रत्येक आधीच्यापेक्षा जरा जोरात, मध्ये चालत परत यायचं. हे शेवटचं पोरं हमखास गाळतात, आणि सोळाशे मीटरला नेमकं तेच लागतं.

सूर्यनमस्कार घालू का, असं काही पालक मला विचारतात. घालू देत. न थांबता दहा-बारा घातले तर ते हलतं तापवणंच आहे. एकेका आसनात मिनिटभर थांबत घातले तर ते ताणणं झालं, ते संध्याकाळी. पण नमस्कार घातले म्हणून हळू पळण्याची सुट्टी नाही.

चौगुल्यांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून एक फरक सांगते. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी मॅरेथॉन पळून एकोणिसावा नंबर मिळवला, अंतर बेचाळीस किलोमीटरच्या वर. एवढ्या लांब पळणाऱ्याला पहिले दोन-तीन किलोमीटर आवरून पळता येतात, त्याचा वॉर्मअप वाटेतच होतो. तुमचंही रविवारचं तसंच. गावाच्या वेशीपर्यंत झपझप चाला, पुढे हळू पळत सुटा, वेगळं काही नको. सोळाशे मीटरवाल्याला पहिल्या पावलापासून जोर लावायचा असतो. थंड अंगाने तो सुटला तर पहिल्याच फेरीत त्याला दम लागतो.

भरतीच्या दिवशी हेच अडतं. पोरं मध्यरात्रीपासून रांगेत असतात, कागदपत्रं, उंची-छाती, मग बसून राहा, आणि अचानक नंबर लागतो. पहाटे केलेला वॉर्मअप पंधरा-वीस मिनिटं बसलं की ओसरायला लागतो. त्यांना सांगून ठेवा, की आपल्या आधीची तुकडी उभी राहिली की बसायचं नाही. जागच्या जागी हलकं पळा, बैठका काढा, जागा मिळाली तर दोन छोट्या धावा. जागाच नसेल तर चवड्यावर वर-खाली करत राहा. बाजूचा कुणी पाय ताणत बसला असेल तर त्याचं बघून आपण बसायचं नाही.

आता तुमच्या टाचेचं. सकाळी पहिली दहा-वीस पावलं आखडतं आणि मग सुटतं, तर बहुतेक ती पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड शीर (अकिलीस टेंडन) आहे. बोटांच्या चिमटीत धरून दाबत खाली जा. टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर दुखत असेल तर एक गोष्ट, आणि शीर जिथं हाडाला चिकटते तिथंच दुखत असेल तर दुसरी. ही शीर पळताना स्प्रिंगसारखी ताणते आणि परत ढकलते. ती सैल करून काही साधत नाही, तिला ताकद द्यावी लागते. वर दुखत असेल तर देवळाच्या पायरीवर चवडे ठेवून उभे राहा, हाताला आधार घ्या. दोन्ही पायांनी टाचा वर उचला, मग चांगला पाय काढून घ्या आणि सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीच्या खालपर्यंत सावकाश उतरवा, मनात तीन-चार अंक मोजत. पुन्हा वर जाताना चांगल्या पायाची मदत घ्या. पंधरा वेळा, असे तीन डाव गुडघा सरळ ठेवून आणि तीन डाव किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. ही पद्धत १९९८ सालापासून जगभर वापरात आहे. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी आधीपेक्षा जास्त आखडता कामा नये. दुखणं अगदी हाडाजवळ असेल तर टाच पायरीखाली उतरवू नका, सपाट जमिनीवरच करा. तिथं खोल ताणलं की शीर हाडावर दाबली जाते आणि चिडते. भिंतीला हात लावून पोटरी ताणायचा नेहमीचा प्रकारही मग तुमच्यासाठी बाद. असाच प्रकार बसायच्या हाडाजवळ मांडीच्या मागच्या शिरेचा असतो. लोक वाकून वाकून तिला ताणतात आणि महिनोन्‌महिने दुखणं ओढवून घेतात.

तुमचा घोटा आखडलाय का, हे घरीच बघता येतं. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला की पाऊल थोडं मागे घ्या, पुन्हा टेकवा. अंगठा आणि भिंत यांच्यात साधारण दहा सेंटीमीटर अंतर ठेवूनही गुडघा टेकतो तो घोटा चांगला. त्याहून बराच कमी असेल, किंवा दोन पायांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक असेल, तर ताणायला कारण आहे. शेतात उकिडवं बसून काम करणाऱ्या पोरांचा घोटा सहसा झकास असतो. बेळगावातल्या टिळकवाडीतून येणाऱ्या माझ्या खुर्चीवाल्या मंडळींचं तसं नाही.

आता ती तीन पोरं. भरतीची जाहिरात निघते आणि गावातली पोरं शून्यावरून उठून रोज पळायला लागतात, तेही डांबरावर, झिजलेल्या बुटात. दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो, त्यांना वाटतं जमलं, म्हणून वेग वाढवतात. हाडाला मात्र त्या माराशी जुळवून घ्यायला महिने लागतात. दम पुढे गेला आणि हाड मागे राहिलं की नडगी बोलते. ताणून हाड घट्ट होत नाही.

प्रत्येकाला खाली बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवर अंगठ्याने घोट्यापासून वर दाबत जा. चार-पाच बोटं लांबीवर सगळीकडे बोथट दुखत असेल, पळायला लागलं की सुरू होऊन तापल्यावर कमी होत असेल, तर ती हाडाच्या कडेची जळजळ. दोन आठवडे पळणं बंद, सायकल चालवू देत, टाचा वर-खाली करत पोटऱ्यांच्या उठाबशा चालू ठेवा. चालताना अजिबात दुखेनासं झालं की एक मिनिट पळ, एक मिनिट चाल, असं दिवसाआड सुरू करा. पहिला महिनाभर रोज पळवू नकाच, बाकीच्या पोरांनाही. चार दिवसांपैकी तीन दिवस हळू आणि एकच दिवस जोरात.

पण अंगठ्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर पोरगा पाय झटकून घेत असेल, त्या पायावर एकदा उडी मारायला सांगितली तर मारवत नसेल, किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्सरेत तडा बऱ्याचदा दिसत नाही. "एक्सरे क्लिअर आहे" एवढ्यावर त्याला मैदानात आणू नका, दुखण्याची जागा डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. वजन कमी करायचं म्हणून तो रात्रीचं जेवण सोडतोय का, तेही विचारा. उपाशी पोटी हाड भरत नाही. असा तडा भरायला साधारण दोन महिने तरी जातात. ही भरती हुकेल म्हणून तो रडेल आणि घरचे तुमच्या मागे लागतील. तरी पळवू नका. त्याच पायावर पळत राहिला तर तडा वाढून हाड पुरतं मोडू शकतं, आणि मग पुढची भरतीही हातची जाते.